वकीलबाई, आमच्या ओढ्याचं काय?

(नदी-नाल्यांचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंनी गेल्या अंकात आपल्या कामाविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पत्रलेखकांची नावं-गावं त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.)

प्रश्न : आमच्या शेताकडेच्या ओढ्यात वरच्या अंगाचा एक कारखाना रात्री काळं पाणी सोडतो. सकाळी मासे पालथे पडलेले असतात. प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. साहेब आले तोवर पाणी निवळलेलं. मोबाइलमध्ये फोटो भरपूर आहेत. केस होईल का?

होईल. पण आधी एक सांगा, तक्रार तोंडी केलीत की लेखी? लेखी असेल तर त्यावर मंडळाच्या कचेरीचा आवक शिक्का आहे का? माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ‘आम्ही वारंवार तक्रारी केल्या’ म्हणतात आणि पोच एकाही तक्रारीची नसते. मग समोरचा वकील उभा राहतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, अर्जदारांनी यापूर्वी कधीही तक्रार केलेली नाही. तेव्हा उद्याच्या उद्या लेखी अर्ज द्या. एक मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला. तिन्हींची पोच घ्या आणि फाइलला लावा.

आता पाण्याचं. रात्री सोडलेलं पाणी सकाळी अकरापर्यंत पुढे गेलेलं असतं हे खरं, पण सगळंच जात नाही. अशाच एका ओढ्यात मी साहेबांबरोबर उतरले होते. वरून पाणी नितळ. एक दगड उलटा केला, तर खालच्या बाजूला काळा बुळबुळीत थर. अंगठ्याने खरवडला तर मळीचा वास. पाइपाच्या तोंडापासून वरच्या अंगाला गेलो, तर तिथल्या दगडांवर साधं हिरवं शेवाळ. मी म्हटलं, साहेब, पाण्याचं राहू द्या, दोन्हीकडच्या गाळाचे नमुने घ्या आणि पंचनाम्यात दगडांचा रंग लिहा. पुढे संयुक्त समितीच्या अहवालात हाच फरक आला आणि कारखान्याची ‘आम्ही काहीच सोडत नाही’ ही बाजू तिथेच लंगडी पडली. तुमच्याकडे साहेब पुन्हा आले की पाइपाच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही नमुने मागा. फक्त खालचा घेतला तर घाण वरून आली असं म्हणायला वाव राहतो.

नमुन्याचा कायदा कडक आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना मंडळाच्या अधिकाऱ्याने जागेवरच कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून दोघांनी सह्या करायच्या. यातलं काही चुकलं तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. एका सही अभावी अख्खा अहवाल बाद झालेला मी पाहिला आहे. म्हणून साहेब नमुना घेत असतील तेव्हा बाजूला उभं राहून घोषणा देऊ नका. बाटली, सील, सही यांच्याकडे डोळे लावून उभे राहा आणि त्याचाच व्हिडिओ घ्या.

तुम्ही स्वतः भरलेल्या बाटलीला हा दर्जा नाही. तरी ती फेकू नका. राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे एनजीटी, पुरावा कायद्याच्या चौकटीत बांधलेला नाही. तुमचा अहवाल पाहून लवाद समिती नेमू शकतो, आणि समितीने घेतलेला नमुना मग भक्कम असतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. तेलकट तवंग असेल तर काचेचीच बाटली हवी.

फोटोंचंही सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो कुणाचा, कधीचा, काही कळत नाही. ज्या फोनने काढला त्या फोनमध्ये मूळ फाइल जपून ठेवा, फोन बदलू नका, विकू नका. कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते तुमचा वकील करून देईल. आणि घरातल्या दिनदर्शिकेवर रोज एक ओळ लिहा. पाणी कधी आलं, रंग कोणता, कोणी पाहिलं. हे काम घरातल्या एखाद्या चिकट माणसाकडे द्या.

यापेक्षा मोलाचा कागद म्हणजे कारखान्याचं संमतीपत्र. मंडळाच्या भाषेत ‘कन्सेंट’. मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, नाही सापडलं तर माहितीच्या अधिकारात मागा. रोज किती सांडपाणी निघणार, त्यावर काय प्रक्रिया करायची आणि ते कुठे सोडायचं, सगळं त्यात असतं. कित्येकांच्या कन्सेंटमध्ये ‘शून्य विसर्ग’ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेर थेंबही सोडायचा नाही. तसं असेल तर तुमच्या ओढ्यात उतरलेला पाइप हाच भंग. मग पाणी काळं होतं की पांढरं, हा वादच उरत नाही.

एक गोष्ट मात्र थांबून राहत नाही, ती म्हणजे मुदत. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. नुकसानभरपाई किंवा ओढा पूर्ववत करून मागायचा असेल तर कलम १५ खाली पाच वर्षं. ‘पुढाऱ्यांनी बैठक लावतो म्हटलंय’ म्हणून वर्ष घालवू नका. बैठक होऊ द्या, अर्जही तयार ठेवा.

प्रश्न : सोसायटीमागचा नाला बिल्डरने पाइपात घालून वर पार्किंग केलं. पहिल्याच पावसात तळमजल्यात पाणी. महापालिका म्हणते, रेकॉर्डला तिथे नालाच नाही.

कोणत्या रेकॉर्डला? हे लेखी विचारा. बिल्डरच्या मंजूर नकाशात नाला नसणारच, नकाशा त्यानेच काढला आहे. तुम्ही भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा. शहर कितीही वाढलं तरी त्याखाली जुनं गाव असतं आणि त्या गावाच्या नकाशावर ओढे-नाले दाखवलेले असतात. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना टोपोशीट, म्हणजे तपशीलवार नकाशा, घ्या, त्यात प्रवाह रेघेने दाखवतात. आणि गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं मागे मागे नेत पाहा. तिन्ही चित्रांत एकाच जागी रेघ दिसली की महापालिकेचं उत्तर बदलतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले यांची पात्रं, त्यांवर कुणाची कायदेशीर मालकी सिद्ध झालेली नसेल तर, राज्य सरकारच्या मालकीची. म्हणजे बिल्डरने बुजवलेली वस्तू बहुधा त्याची नव्हतीच. या मुद्द्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. महापालिकेला एकटी पकडलीत तर ती जलसंपदाकडे बोट दाखवते, जलसंपदा महसूलकडे. म्हणून तिघांनाही एकाच अर्जात पक्षकार करा.

नदीकाठची मंडळी निळ्या आणि लाल पूररेषेबद्दल विचारतात, तेही इथेच उरकते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. छोट्या नाल्यांच्या वाट्याला या रेषा क्वचितच येतात, त्यामुळे तुमचा भर गाव नकाशावरच राहील.

प्रश्न : ताई, मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला नद्यांसाठी काम करायचं आहे. घरचे म्हणतात, त्यात पोट भरत नाही. खरं काय?

घरचे पूर्ण चुकत नाहीत. नदीच्या खटल्यात अशील म्हणजे बहुतेक वेळा एक गाव किंवा पाच-सहा हट्टी माणसं. वर्गणी निघते, ती टायपिंग, झेरॉक्स आणि प्रवासात संपते. मी दिवाणी दावे, वाटपं, खरेदीखतं करत आले आणि अजूनही करते. नदीकडे वळले तीही जमिनीच्या दाव्यातूनच. एका अशिलाची विहीर खराब झाली होती आणि तिच्या पाण्याच्या अहवालात मला एक अक्षर कळत नव्हतं. एका महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सरांकडे जाऊन बसले. त्यांनी बीओडी समजावला, सूक्ष्मजीवांना पाण्यातली घाण पचवायला जितका ऑक्सिजन लागतो तितका बीओडी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. नदीत आंघोळीला योग्य अशा पाण्यात लिटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत चालतो, नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा ३०.

हे सगळं मी तुला कशाला सांगते आहे? कारण उलटतपासणी इथेच रंगते. नमुना सोमवारी पोचला, अहवाल बुधवारी निघाला आणि त्यात बीओडी छापलेला. तीन दिवसांची चाचणी दोन दिवसांत कशी केलीत? किंवा एखाद्या अहवालात बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसतो. सीओडीत रसायनाने जाळता येणारी सगळी घाण मोजतात, बीओडीत फक्त जीवाणूंना पचेल तेवढी, त्यामुळे असा आकडा आला की प्रयोगशाळेत काहीतरी गडबड आहे असं समजायचं. हे प्रश्न विचारायला फर्डं इंग्रजी लागत नाही. अहवालातली तारीख आणि रकाने शांतपणे वाचावे लागतात.

तेव्हा आता काय करशील? पुरावा कायदा आणि प्रशासकीय कायदा मनापासून शिक, पर्यावरण कायद्याचा पेपर त्यामानाने सोपा असतो. सातबारा, फेरफार, गटबुक वाचायला शिक. जुन्या तलाठ्याचं अक्षर लागलं की कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी वाचता येते. सनद मिळाल्यावर थेट ‘पर्यावरण वकील’ अशी पाटी लावू नकोस. दिवाणी काम चांगलं असलेल्या सीनियरकडे काही वर्षं काढ. पुण्यात एनजीटीचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे, जमेल तेव्हा तिथे मागच्या बाकावर बसून ऐक.

आणि निकाल मुळातून वाच, नोट्समधून नको. १९८७ चा गंगा-चर्मोद्योग निकाल वाच. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतन देता न येणाऱ्या कारखान्याला जसं चालू राहता येत नाही, तसं प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा बसवता न येणाऱ्या टॅनरीलाही राहता येणार नाही. ‘परवडत नाही’ या सबबीला इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं. मग १९९६ चं वेल्लोर प्रकरण, तमिळनाडूतल्या पालार नदीच्या काठच्या चर्मोद्योगांचं. ‘प्रदूषण करणाराच भरपाई देईल’ आणि ‘आधी खबरदारी’ ही दोन तत्त्वं आपल्या कायद्याचा भाग आहेत, असं तिथे सांगितलं गेलं. त्याच वर्षाअखेरीचा बियास नदीचा निकालही घे. एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवला गेला होता. न्यायालय म्हणालं, नदी सरकारकडे जनतेची ठेव म्हणून आहे, सरकारला ती कुणाच्या फायद्यासाठी देऊन टाकता येणार नाही.

घरच्यांना सांग, पोट दिवाणी कामावर भरेल.

प्रश्न : तुम्ही कधी कारखान्याची बाजू घेतली आहे का?

खटल्यात नाही. पण कन्सेंटच्या अटी समजावून देणं, सांडपाण्याचं काम नियमात बसवून देणं, असा सल्ला मी फी घेऊन देते. ज्या नदीवर माझा खटला चालू असेल त्या काठच्या कारखान्याला मात्र देत नाही. काही कार्यकर्त्या मित्रांना हे पटत नाही. माझा अनुभव असा, की आतून कारखाना पाहिल्यावर कुठला व्हॉल्व्ह रात्री फिरवला जातो हे विचारायचं सुचतं.

प्रश्न : इतके खटले जिंकता, तरी नद्या घाणच. मग उपयोग काय?

राग रास्त आहे. आकडेही तुमच्याच बाजूचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर आला आणि आपला ५५ झाला.

पण घाण कुणाची हे पाहा. कारखाने डोळ्यांत भरतात, पाण्याचा लोंढा मात्र आपल्या मोऱ्यांचा असतो. केंद्रीय मंडळाच्याच २०२०-२१ च्या अंदाजानुसार शहरांमधून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होतं आणि त्यातल्या २०,२३५ वर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेलं जिथे उतार असेल तिथे गेलं. तुम्ही-मी पत्र लिहायला बसतो तेव्हा आपल्याही घरचं पाणी त्यात असतं.

नगरपालिका म्हणते, पैसे नाहीत. हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच फेटाळलं आहे. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी गटारं बांधायला आणि घाणीची डबकी बुजवायला लावली, निधी नाही ही सबब ऐकली नाही. ते प्रकरण सुरू झालं होतं दंडाधिकाऱ्यापुढच्या साध्या अर्जावर, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, दिल्लीला जावं लागत नाही. हे हत्यार लोक फार कमी वापरतात.

निकालानंतर काय होतं ते मात्र तुम्ही बरोबर हेरलंत. उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखाने जबाबदार धरले. कंपनी अर्जामागून अर्ज करत राहिली आणि २०११ मध्ये न्यायालयाला ते प्रकरण पुन्हा निकालात काढावं लागलं, ३७ कोटींवर रक्कम आणि त्यावर चक्रवाढ व्याज लावून. वर्तमानपत्रं निकालाच्या दिवशी येतात. त्यानंतरच्या तारखांना कोर्टात मी, सरकारी वकील आणि पंखा.

मला विचाराल तर खरं काम याच तारखांमध्ये आहे. एनजीटीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावून घेता येतो, कलम २५. एका पालिकेचं प्रतिज्ञापत्र दर तारखेला यायचं, मैलाशुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने सुरू आहे. आम्ही माहितीच्या अधिकारात केंद्राची वीजबिलं मागवली. हवा सोडणारे ब्लोअर आणि पंप चोवीस तास चालले तर मीटर धावतो. बिलात युनिटं नावाला, रक्कम जवळपास सगळी स्थिर आकाराची. ती बिलं महिन्यांप्रमाणे एका तक्त्यात मांडून दाखल केली. पुढच्या तारखेला प्रतिज्ञापत्राची भाषा बदलली, ‘तांत्रिक अडचणींमुळे अंशतः सुरू’. तिथून पुढे बोलणी सुरू झाली. तुमच्या शहरातल्या केंद्राची बिलं तुम्हीही मागवू शकता.

प्रश्न : नदीला माणसाचा दर्जा दिला तर प्रश्न सुटेल का?

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला तो दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. राज्य सरकारची एक शंका अगदी व्यवहारी होती, पूर येऊन कुणाचं नुकसान झालं तर दावा नदीवर लावायचा का, आणि भरायचं कुणी? न्यूझीलंडने त्याच वर्षी वांगानुई नदीसाठी कायदा केला, पण त्यामागे तिथल्या मूळच्या माओरी लोकांची फार जुनी लढाई होती आणि नदीच्या वतीने बोलणारे पालक कायद्यातच नेमलेले आहेत. आपल्याकडे कलम २० प्रमाणे नाल्याचा मालक असलेलं सरकारच नाल्याला विचारत नाही. नवा दर्जा मिळाला तर माझी हरकत नाही, पण मी त्याची वाट पाहत बसणार नाही.

प्रश्न : नदीतून रात्री जेसीबीने वाळू काढतात. तक्रार केली की नाव फुटतं.

एकट्याने जाऊ नका आणि रात्री पात्रात उतरून चित्रीकरण तर अजिबात करू नका. ग्रामसभेचा ठराव करा, तक्रार ठरावाच्या नावाने जाऊ द्या. दिवसा खड्डे, वाहनांच्या वाटा, पुलाच्या खांबांचे उघडे पडलेले पाये यांचे फोटो घ्या. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बेकायदा वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त करण्याचा अधिकार तहसीलदारांकडे आहे. ठरावाची प्रत त्यांना आणि पोलीस अधीक्षकांना एकाच दिवशी द्या.

प्रश्न : एनजीटीत जायला वकील लावावाच लागतो का? खर्च किती?

नाही. स्वतः बाजू मांडता येते. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये, मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यामुळे गावाचा अर्ज एखाद्या बाईच्या नावाने का करू नये?

पुढच्या अंकासाठी लिहिताना नदीचं किंवा ओढ्याचं नाव, गाव, तालुका, गट नंबर आणि पहिल्या तक्रारीची तारीख एवढं नक्की लिहा. मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.